रुग्णालयात जाण्यापूर्वी आणि गेल्यावर

(अलिबाग तालुक्यातील एका विहारात, वर्षावासाच्या काळात, एका निवृत्त परिचारिकेने उपासक-उपासिकांपुढे केलेले भाषण)



वर्षावासात या विहारात ग्रंथवाचन चालते. आज त्यातील एक तास मला देण्यात आला असून रुग्णालयासंबंधी चार गोष्टी सांगाव्यात अशी कार्यकारिणीची इच्छा आहे. मी वक्ता नाही. माझे आयुष्य सरकारी वॉर्डात रात्रपाळ्या करण्यात गेले. तेव्हा भाषणाची शोभा माझ्याकडून अपेक्षू नये.

प्रारंभी जी हकीकत सांगते ती माझी नाही. ती १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’ पत्रात छापून आली होती आणि बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींच्या पुस्तिकेत ती उतरून घेतली आहे. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येईना. गावच्या नगरशेटजींनी फीच्या दोन रुपयांची हमी दिली तेव्हा तो आला, पण वस्तीत शिरला नाही. ओल्या बाळंतिणीलाच वस्तीबाहेर आणावे लागले. त्याने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो पतीला दिला, पतीने पत्नीला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पाहून न्युमोनिया सांगितला, औषध पाठविले. पुढे मात्र फी देऊनही तो आला नाही. ती बाई गेली.

आज असा डॉक्टर उघडपणे असे वागू धजणार नाही. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून रुग्णालयात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली जी दुरुस्ती झाली, तीत रुग्णालय, दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांत प्रवेशास अडथळा करणे स्पष्ट शब्दांत घातले गेले. परंतु मला आज कायद्यापेक्षा दुसरी गोष्ट सांगावयाची आहे. त्या शिक्षकाने आपल्या पत्नीसाठी जे करावयाचे ते सर्व केले होते. ज्ञान नव्हते असे नाही, धडपड नव्हती असेही नाही. दार बंद होते. आपल्यासाठी दार उघडे आहे. मग दाराच्या आत गेल्यावर काय करावयाचे हे ठाऊक नसल्यामुळे आपले माणूस दगावले, तर त्याचा दोष कोणाला देणार?

आपल्या किनाऱ्याची अडचण प्रथम बोलू. मुरुडहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय जवळजवळ पन्नास किलोमीटर आहे. श्रीवर्धनकरांना तर त्याच्या दुपटीहून अधिक अंतर पडते. मांडव्याहून गेट वेला जाणारी लाँच पावसाळ्यात बंद असते. २०२० साली रो-रो बोट सुरू झाली, २०२४ च्या जानेवारीत न्हावा-शेवा ते शिवडी सागरी सेतू झाला, त्यामुळे मुंबई जवळ आली हे खरे. पण रात्री दोन वाजता वाडीतून मुख्य रस्त्यापर्यंत रुग्णाला खुर्चीत बसवून आणावे लागते, तेथे सेतूचा काय उपयोग? म्हणून तयारी आजारापूर्वी करावयाची असते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य आहे. फोन करणाऱ्याने घाबरून ‘लवकर या’ एवढेच न सांगता गाव, वाडी, जवळची खूण आणि रुग्णास काय होत आहे हे सांगावे, व फोन चालू ठेवावा. गरोदर भगिनीच्या घरच्यांनी शेवटच्या महिन्यात हे सर्व ठरवून ठेवावे: कोण सोबत जाईल, थोरल्या मुलांकडे कोण पाहील, पिशवी कोठे आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, त्यात शस्त्रक्रिया लागली तरी ती, औषधे, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी हे सारे २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात विनामूल्य आहे. तेथे कोणी ‘चहापाणी’ मागितले तर ते देणे हा धर्म नव्हे.

आता कागदांविषयी. यात आपली नवदीक्षित कुटुंबे अधिक अडतात, म्हणून सविस्तर बोलते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे नाव आपण ऐकले असेल. २ जुलै २०१२ रोजी ती निराळ्या नावाने ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. २०१७ साली तिला जोतिबांचे नाव मिळाले. आधी कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाखापर्यंतचा खर्च मिळे. २०२३ च्या शासननिर्णयाने ती मर्यादा पाच लाखांवर नेण्यात आली आणि सर्व रंगांच्या शिधापत्रिकांस ती खुली झाली. जातीचा दाखला तीत लागत नाही. लागते ती शिधापत्रिका आणि ओळखपत्र, आणि दोहोंवर नाव एकच असावे लागते. येथेच आपला पाय अडकतो. दीक्षेनंतर कोणी मुलीचे नाव बदलले, कोणी आडनाव बदलले, आधार कार्डावर नवे घातले, शिधापत्रिकेवर जुनेच राहिले. कोणाची शिधापत्रिका अजून मुंबईच्या चाळीच्या पत्त्यावर, चाकरमानी थोरल्या भावाच्या नावे आहे आणि म्हातारी आई येथे वाडीत. रुग्णालयातील आरोग्यमित्र नावाचा जो योजनेचा माणूस खिडकीशी बसतो, तो ही दोन नावे जुळवू शकत नाही. त्यात त्याचा दुष्टावा नसतो. तातडीच्या प्रसंगी कागद मागाहून देण्याची सोय आहे, परंतु चुकीचे नाव दोन दिवसांत दुरुस्त होत नसते.

दुसरी भीती मी पुष्कळदा ऐकली आहे. ‘सिस्टर, धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहू नका, सवलत जाईल.’ ही भीती जुनी आहे आणि एके काळी तिला कारणही होते. १९९० साली केंद्राने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला, त्याला आता तीस वर्षांवर होऊन गेली. केसपेपरवर बौद्ध लिहिल्याने कोणाचे औषध बंद होत नाही. ज्याने दीक्षा घेतली त्याने खिडकीवर ती लपवावी हे मला पाहवत नसे.

योजनेत प्रत्येक आजार बसत नाही आणि प्रत्येक रुग्णालयही बसत नाही. ताप आला म्हणून जवळच्या खासगी शुश्रूषागृहात दोन दिवस झोपून बिल योजनेतून जाईल अशी समजूत करून घेऊ नका. दाखल होण्यापूर्वी विचारावे. १५५३८८ या क्रमांकावर ही चौकशी विनामूल्य होते. शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तर १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार विनामूल्य झाले आहेत. धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांस, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार, शेकडा दहा खाटा निर्धनांसाठी मोफत व आणखी दहा दुर्बल घटकांसाठी सवलतीने ठेवाव्या लागतात. मुंबईस रुग्ण नेणाऱ्यांनी तेथील सामाजिक कार्यकर्त्यास या खाटांविषयी दाखल होतानाच विचारावे. बिल झाल्यावर विचारणे म्हणजे भरती ओसरल्यावर होडी ढकलणे होय.

आता मुख्य गोष्टीकडे येते. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नसे, म्हणून इतर भिक्खूंनी त्याच्याकडे पाहिले नाही. तथागतांनी आनंदास पाणी आणावयास सांगितले, स्वतः त्याच्या अंगावर पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी डोक्याकडून व पायांकडून धरून त्याला बिछान्यावर निजविले. ही कथा आपण ऐकलेली असते. तिच्या पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. त्यात भगवंतांनी रुग्ण कोणत्या पाच गोष्टींनी शुश्रूषेस सुलभ होतो हे सांगितले आहे: पथ्याचे तेच करणे, पथ्यातही प्रमाण राखणे, औषध घेणे, दुःख सहन करणे, आणि शुश्रूषा करणाऱ्यास आपला आजार खराखुरा सांगणे, वाढत असेल तर वाढतो आहे, उतरत असेल तर उतरतो आहे, तसाच असेल तर तसाच आहे. सर्व नोकरीत मला या पाचव्या गोष्टीइतकी दुसरी उपयोगी गोष्ट आढळली नाही.

आमच्या वॉर्डात एक गृहस्थ आले होते. डोळे पिवळे, पोट फुगलेले. डॉक्टरांनी विचारले, काही झाडपाला घेतला काय? ते म्हणाले, नाही. पत्नी म्हणाली, नाही. मुलगा म्हणाला, आम्ही बौद्ध आहोत, आम्ही भगताकडे जात नाही. तीन दिवस त्या नकाराच्या भरवशावर निराळ्या दिशेने तपासण्या झाल्या. चौथ्या रात्री त्या बाईने मला जिन्याखाली गाठून सांगितले की, सासूच्या आग्रहाने पंधरा दिवस भगताचा काढा चालू होता आणि घरी त्याची अर्धी बाटली अजून आहे. तिला भीती डॉक्टरांची नव्हती. तिला भीती होती आपली. ‘विहारात कळले तर काय म्हणतील?’ त्या गृहस्थांस आम्ही वाचवू शकलो नाही. काढ्याची गोष्ट पहिल्या दिवशी कळती तर वाचले असते काय, हे मी छातीला हात लावून सांगू शकत नाही. पण तीन दिवस वाया गेले हे खरे.

मी स्पष्ट बोलते, कार्यकारिणीने राग मानू नये. भगत आणि देवऋषी सोडा असे आपण सांगतो ते योग्यच आहे. पण भीतीपोटी कोणी त्याच्याकडे गेलाच, तर त्याला आपल्यापासून ते लपवावे लागेल इतके आपण कठोर होऊ नये. नवस, अंगारा, काढा, दारू, गुप्त रोग, पूर्वीचा गर्भपात, अर्धवट सोडलेली क्षयाची औषधे, जे काही असेल ते डॉक्टरांस सांगावे. ते ऐकून डॉक्टर नाक मुरडील, फार तर. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्यास तो बांधलेला आहे.

खरे सांगण्याचे मोल किती, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर या वैद्याने इंगळीच्या दंशावर काम केले. कोकणातील लाल इंगळी चावली की धडधाकट माणूस रात्रीत जाई. गंभीर दंशात शंभरांतले चाळीसच्या आसपास दगावत. बावस्कर रुग्णांच्या खाटेशी रात्र-रात्र बसून टिपत राहिले: ओकारी केव्हा झाली, घाम केव्हा फुटला, हातपाय केव्हा गार पडले. १९८२ साली त्यांनी ही लक्षणे ‘लॅन्सेट’ या इंग्रजी नियतकालिकात मांडली आणि १९८६ साली प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा गुण दाखविला. मृत्यूचे प्रमाण शेकडा एकावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या महाडात १९२७ साली आपल्या माणसांनी तळ्याच्या पाण्याला हात लावला, त्याच महाडात हे घडले. वाडीतल्या माणसांनी दंशाची वेळ आणि लक्षणे खरी सांगितली नसती, तर त्या वहीत काय लिहिले गेले असते? तेव्हा विंचू असो वा सर्प, घड्याळ पाहून वेळ ध्यानात ठेवा, अंग हलू न देता थेट रुग्णालय गाठा. जखम चिरू नका, घट्ट दोरी आवळू नका. सर्पदंशावरील लस रुग्णालयातच मिळते, मंत्रात नाही.

खरे सांगण्याचाच दुसरा प्रकार शस्त्रक्रियेच्या सकाळी येतो. रुग्णास पाणीही देऊ नका असे आम्ही सांगतो आणि आईला वाटते, ही बया माझ्या लेकराला उपाशी मारते. मग पदराआड पेज भरविली जाते. भूल दिली की घशाची राखण सुटते. पोटातले अन्न वर येऊन श्वासनलिकेत उतरते आणि शस्त्रक्रिया उत्तम होऊनही रुग्ण गुदमरतो. चुकून खाल्लेच तर सांगा. फार तर शस्त्रक्रिया चार तास किंवा एक दिवस पुढे जाईल.

सही आणि अंगठा यांविषयी. आपल्या आजोबांचे अंगठे सावकाराच्या कोऱ्या कागदावर घेतले जात. ती सवय आपल्या हातातून गेली पाहिजे. संमतिपत्रावर अंगठा देण्यापूर्वी ते मराठीत वाचून दाखवा म्हणावे. आजार कोणता, काय कापणार, न कापले तर काय होईल, दुसरा उपाय आहे काय, धोका कोणता, खर्च किती, एवढे विचारण्यास डॉक्टर व्हावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिल्लीच्या एका स्त्रीच्या खटल्यात सांगितले की, तपासणीसाठी दिलेली संमती ही अवयव काढण्याची संमती नव्हे. ती बाई भुलीत असताना तिच्या आईची सही घेऊन तिचे गर्भाशय काढले गेले होते. जीव वाचविण्यासाठी तत्क्षणी करावे लागले तर गोष्ट वेगळी. एरव्ही शुद्धीवर असलेल्या प्रौढ रुग्णाची स्वतःची संमती लागते. भगिनींनो, हे तुमच्यासाठी आहे. नवऱ्याने सही केली म्हणजे झाले, असे नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींची गर्भाशये किती सहज काढली गेली हे २०१९ साली सर्व महाराष्ट्राने वाचले. गर्भाशय काढा असे कोणी म्हटले आणि प्रसंग तातडीचा नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. तो तुमचा अधिकार आहे, आणि त्यासाठी तपासण्यांचे कागद मागण्याचाही. मागितल्यापासून ७२ तासांत कागदांच्या प्रती द्याव्यात, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ सालचा नियम आहे. पुरुष डॉक्टर तपासत असता जवळ स्त्री असावी, हेही तुम्ही मागू शकता.

पैशाविषयी थोडक्यात. खासगी रुग्णालयांच्या नोंदणीचे जे नियम महाराष्ट्रात २०२१ साली सुधारले, त्यांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरांचा तक्ता दर्शनी भागी लावावा लागतो. तो वाचा, लावलेला नसेल तर ‘कोठे आहे?’ असे शांतपणे विचारा. बिल तपशीलवार मागा. औषधे त्यांच्याच दुकानातून घ्यावीत अशी सक्ती नाही. बिलाच्या बाकीसाठी रुग्णाला, अथवा मृतदेहाला, अडकवून ठेवता येत नाही. बाकी वसूल करण्यास निराळे मार्ग आहेत. अपघात व तातडीच्या रुग्णास आधी उपचार, मग बाकीचे सोपस्कार, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले. दुसऱ्या गावी पाठवताना चिठ्ठी लेखी घ्यावी, आणि ‘तेथे खाट आहे काय, फोन केला आहे काय?’ हे विचारूनच निघावे. अमुकच तपासणी केंद्रात जा असा आग्रह झाला तर सावध व्हा. चिठ्ठीमागे कमिशन चालते, ही गोष्ट याच डॉ. बावस्करांनी स्वतःकडे आलेला १,२०० रुपयांचा धनादेश पुढे करून २०१३ साली चव्हाट्यावर आणली होती.

तरी अधिकार मागताना जीभ सांभाळावी. ज्या रात्री पन्नास रुग्णांस दोन परिचारिका असतात, त्या रात्री सलाईन संपल्याचे ओरडून सांगणाऱ्यापेक्षा हळूच येऊन सांगणाऱ्याचे काम आधी होते, ही मनुष्यस्वभावाची गोष्ट आहे. आणि एक गोष्ट मला लाज वाटून सांगावी लागते. आपलीच शिकलेली, नोकरीवाली माणसे वॉर्डातल्या झाडूवाल्या बाईला ‘ए’ म्हणून हाका मारताना मी पाहिली आहेत. ती बाई कोणाची लेक असते, हे त्यांस निराळे सांगावे काय?

खाटेवर असताना आपले पूर्ण नाव सांगत जावे. एका वॉर्डात तीन-तीन जाधव असतात. इंजेक्शन घेऊन कोणी आले तर ‘हे कशाचे, माझेच ना?’ असे विचारावे; चांगली परिचारिका रागावत नाही. घरची औषधे उशाखाली ठेवून गुपचूप घेऊ नयेत. सोबत एकच माणूस असावे, पण ते जागे असावे. भेटीस पंधराजण वडापाव घेऊन येतात ते प्रेमाने येतात, पण शेजारच्या खाटेवर शस्त्रक्रिया झालेला माणूस असतो. हात धुवून रुग्णास शिवावे. एवढे पुरे.

घरी सोडताना जो कागद देतात, त्यात आजाराचे नाव, काय केले, कोणती औषधे किती दिवस आणि पुन्हा केव्हा यावयाचे हे असते. तो समजेपर्यंत खाट सोडू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जाण्याचा अधिकार तुम्हास आहे, परंतु त्या कागदावर सही करण्यापूर्वी, पैशाच्या भीतीने जात असाल तर तसे बोला. पुष्कळदा मार्ग निघतो. मी कित्येक माणसे न बोलता गेलेली पाहिली आहेत.

आता काम सांगते. पुढच्या रविवारी येताना प्रत्येक घराने शिधापत्रिका, घरातील सर्वांची आधार कार्डे आणि जुने केसपेपर एका पिशवीत घालून आणावेत. आपल्यातील दोन शिकलेल्या मुली वंदनेनंतर नावे जुळवून पाहतील आणि ज्यांची जुळणार नाहीत त्यांचे तहसील कचेरीचे अर्ज येथेच लिहिले जातील. ज्यांच्या घरी यंदा बाळंतपण आहे, त्यांनी आधी यावे.